स्वल्प ॲडजस्ट

मोटारसायकलच्या हेडलाईटचा फोकस घरच्या घरी नीट करायला एक स्क्रूड्रायव्हर, एक पाना, एक मेजरटेप, एक खडू आणि दहा मिनिटं लागतात. बेंगळूरुमध्ये याखेरीज दहा-बारा मीटर सपाट जमीन आणि तिच्या टोकाला एक कोरी भिंत लागते. त्यामुळे इथे हे काम साधारण दीड महिन्यात उरकतं.

मुळात ते करावं का, हा प्रश्न रास्त आहे. हे शहर 'स्वल्प ॲडजस्ट माडी'वाल्यांचं. बसच्या दोघांच्या बाकावर तिसरा टेकतो तेव्हा, ऑटोवाला मीटरवर वीस रुपये मागतो तेव्हा, लग्नाच्या पंगतीत पान वाढून झाल्यावर कुणी कोपर खुपसतो तेव्हा, हेच तीन शब्द. त्यातला 'स्वल्प' संस्कृत, 'ॲडजस्ट' इंग्रजी आणि कन्नडच्या वाट्याला शेवटची 'माडी' ('करा'). म्हणजे भाषांनीसुद्धा एकमेकींना सरकून जागा दिली आहे. एवढ्या समजूतदार गावात ॲडजस्ट न होणारी वस्तू एकच, हेडलाईट. तो एक तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, नाही तर रेन ट्रीच्या शेंड्यावर झोपलेल्या घारीच्या. शिवनसमुद्रची वीज आणून १९०५ मध्येच रस्त्यावर दिवे लावलेलं हे शहर. ते दिवे खांबावरून खाली पाहायचे. आमचे खालून वर पाहतात.

(बेंगळूरुवर मराठीत लिहिताना शहाजीराजांच्या जहागिरीचा उल्लेख करावा लागतो. केला.)

पूर्वी निदान दिवसा तरी सुटका होती. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायचं बटणच नसतं. सुरुवातीला भर दुपारी समोरून येणारे भले लोक पंजा उघडझाप करून 'लाईट चालू आहे' असं सांगायचे. आता कुणी सांगत नाही. सगळ्यांचेच पंजे थकले. म्हणजे ज्याचा फोकस चुकला, त्याचा तो सूर्य डोक्यावर असतानाही चुकलेलाच राहतो.

तर प्रथम जागा. इथला सर्वमान्य प्लॉट तीस बाय चाळीस फुटांचा. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर, हिशेबात बसतं, पण त्यावर घर बांधलेलं असतं. रस्त्यावर दहा मीटर मोकळे मिळतील असं वाटणाऱ्याने संध्याकाळी सिल्क बोर्ड जंक्शनला जाऊन यावं. तिथे आपला प्रकाश हातभर पुढच्या बंपरवरच संपतो. म्हणून शेवटी अपार्टमेंटचं बेसमेंट, रात्री साडेदहानंतर. बेसमेंटची फरशी सपाट दिसते. ती पाणी निथळण्यासाठी उताराची असते. एक गोटी सोडून पाहा. ती जिथे घरंगळणार नाही, तिथे गाडी लावा. मला अशी जागा दोन खांबांच्या मध्ये, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त अंकलच्या येझदीशेजारी मिळाली. येझदी म्हैसूरच्या कारखान्यातली, तो कारखानाच १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे अंकलना आमच्या गाड्या ही खेळणी वाटतात.

मग भिंत. दिव्याच्या काचेचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, समजा ऐंशी सेंटिमीटर, आणि भिंतीवर त्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. तिच्याखाली दहा ते पंधरा सेंटिमीटरवर दुसरी. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली की डिप्परच्या उजेडाची वरची कड दुसऱ्या रेघेवर बसली पाहिजे. एवढंच शास्त्र. ते हास्यास्पद वाटावं इतकं नाजूक आहे: दहा मीटरवर दहा सेंटिमीटर उतार दिला तर झोत ऐंशी मीटरवर जमिनीला टेकतो, पंधरा दिला तर त्रेपन्न मीटरवरच. पाच सेंटिमीटरची ही चूक करायला स्क्रूचा किरकोळ पीळ पुरतो. रेघा मारताना वॉचमन अण्णांनी विचारलं, रस्ता रुंदीकरणाची खूण आहे का? अंकल म्हणाले, त्यापेक्षा 'नाळे बा' लिहा. नव्वदच्या दशकात इथे रात्री दार ठोठावणाऱ्या भुताची अफवा होती आणि लोक दारावर 'उद्या ये' असं लिहून ठेवत. भूत रोज वाचायचं आणि परत जायचं. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की मलाही हेच वाचायला मिळतं.

आता गाडी. हवा बरोबर हवी. मागचं चाक बसलं असेल तर पुढचं तोंड वर जातं. डबल स्टँडवर लावून फोकस करणारे लोक स्टँडचा फोकस करतात, गाडीचा नव्हे. साईड स्टँडवर गाडी कलते आणि उजेडही कलतो. म्हणून स्वतः सीटवर बसायचं, गाडी सरळ धरायची आणि भिंत बघायची. नव्या गाड्यांत दिव्यासाठी इंजिनही चालू ठेवावं लागतं, तेव्हा धूर कोंडणार नाही एवढं बघा. पहिल्या मजल्यावरचे लोक खाली येऊन चौकशी करतील, तो धोका पत्करा.

आणि कायदा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम मला फार आवडतो. दिव्याच्या पुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर बाजूला, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. एवढा नेमका माणूस मला कायद्यात दुसरा भेटलेला नाही. उंचपुऱ्यांचं आणि बसक्यांचं काय व्हायचं ते होवो. मी टेप घेऊन घरात हिंडलो. मुलगा कमी भरला, मी जास्त. बायकोचे डोळे बरोबर एकशेपन्नास सेंटिमीटरवर. लग्नाला चौदा वर्षं झाली. पत्रिका बघताना हा गुण कुणी मोजला नव्हता.

तिला खडूच्या फुलीवर उभी केली.

"दिपतंय का?"

"नाही. पण डास चावतायत."

नियम १०६ मध्ये डासांची तरतूद नाही.

प्रत्यक्ष काम सांगायचं राहिलंच. गोल दिवा असेल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे ढिले करून तो हाताने वरखाली करा. बाकी गाड्यांत दिव्याच्या खाली किंवा मागे एक स्क्रू असतो. कुठे, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं आणि पुस्तक गावाकडच्या घरी असतं. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवल्यावर झोत खाली येतो हे गाडीगणिक बदलतं, तेव्हा पहिला पीळ उलटाच पडणार हे गृहीत धरा. बोल्ट आवळताना दिवा पुन्हा हलतो. आवळून झाल्यावर परत भिंत बघा. फोकस हवा तसा बसूनही रोज बिघडत असेल, तर दोष स्क्रूचा नसून गल्लीतल्या हंपांचा आहे. दिव्यामागची रबरं बघून घ्या, जे. सी. रोडला मिळतात. आणि अप्परचं काय, असं विचारू नका. तो अंगठ्याचा प्रश्न आहे, पान्याचा नाही. काचेवर काळा टिळा लावायची जुनी रीत मला यासाठीच शहाणपणाची वाटते: दिव्याला निदान नजर तरी लागत नसे.

तिसऱ्या रात्री कड रेघेवर बसली. कायद्याच्या मापाची बायको आठ मीटरवर शांत उभी होती. यशाच्या भरात तिला म्हटलं, चल, फिल्टर कॉफी पिऊन येऊ. ती मागे बसली. मागचा शॉकॲब्सॉर्बर दबला, दिव्याचं तोंड वर उचललं गेलं, आणि गेटवरच्या अण्णांनी डोळ्यांवर आडवा हात धरला.

"सार," ते म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट माडी."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. उंची साधारण पाच फूट तीन इंच.

"अण्णा, उद्या रात्री दहा मिनिटं बेसमेंटमध्ये उभं राहाल का?"