जलरंगाचा पंचनामा

आमची मागची बाल्कनी हा माझा स्टुडिओ. अर्थात हे नाव मी एकटाच वापरतो. घरातले तिला 'कपडे वाळत घालायची बाल्कनी' म्हणतात. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनचा पाइप निसटला तेव्हा पाण्याने मात्र माझी बाजू घेतली. दोरीवरच्या टॉवेलांना धक्का न लावता ते नेमकं चित्रांवर कोसळलं.

तैलरंग, अ‍ॅक्रिलिक एकदा वाळले की पाण्याला भीक घालत नाहीत. जलरंग कागदाला धरून असतो तो डिंकावर, आणि डिंक किती का जुना होईना, पाणी दिसलं की विरघळतो. नाना फडणवीसांनी मेणवलीला बांधलेला घाट दोनशेहून अधिक वर्षं कृष्णेचे पूर अंगावर घेत उभा आहे. मी रंगवलेला घाट लेंग्या-बनियनच्या पाण्यात वाहून गेला.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी शहरात घुसली आणि चिमाबुएने रंगवलेल्या क्रुसाचा बराचसा रंग धुऊन गेला. तेव्हा कलाकृती वाचवायला देशोदेशीचे तरुण चिखलात उतरले. इटलीत त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणतात. माझ्याकडे सोसायटीचा वॉचमन आला. पोछा घेऊन. जिना निसरडा झाल्याची तक्रार होती.

भिजलेला कागद दोनेक दिवसांत सुकला नाही तर बुरशी धरते. म्हणून ग्रंथालयांत असे कागद गोठवून ठेवतात आणि सवडीने सुकवतात. हे मी बायकोला समजावलं.

"अहो, पण मटार कुठे ठेवू?"

फ्रीझरमध्ये मटार राहिले. चित्रं टीपकागदांत घालून, वर दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून, गादीखाली गेली. माझ्या कलेवर बायको प्रथमच इतकी निवांत झोपली.

भरपाईसाठी कमिटीची बैठक बसली. सीलिंगची पुट्टी, वायरिंग, मजुरी यांचे आकडे पटापट मंजूर झाले. मग चित्रं आली.

"यातलं आजवर काही विकलं गेलंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कलेची किंमत अशी..."

"म्हणजे नाही. कागदाचा भाव लिहा."

कागद हातकागद होता, महागडा. तेवढा एक मान राखला गेला. पण वर चित्र काढल्यामुळे तो कोरा राहिला नाही, म्हणून घसारा वजा झाला. म्हणजे मी कुंचला उचलला नसता तर पैसे जास्त मिळाले असते. वरच्या मजल्यावरचे काका मनाने उदार. ते म्हणाले, "सीलिंगला बाहेरचा माणूस कशाला? हे स्वतःच पेंटर आहेत." मजुरीही वजा झाली.

घोड्यावर चढून, मान मोडेस्तोवर मी सीलिंगला डिस्टेंपरचे हात मारले. ते बघायला अख्खा मजला लोटला. माझ्या कुठल्याच प्रदर्शनाला इतकी गर्दी झाली नव्हती. काका बराच वेळ वर बघत राहिले.

"हात चांगला आहे हो तुमचा," ते म्हणाले. "आमचा हॉल किती घ्याल?"

मी लगेच भाव सांगितला. त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.