जन्मतारीख न विचारणाऱ्या शेठजींस

शेठ,

तुमची नजर तयार आहे, हे तुमच्या गल्ल्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. पाचशेची नोट तुम्ही दिव्यासमोर धरता, अंगठ्याने चोळता आणि खोटी असेल तर तिथल्या तिथे परत फेकता. उधारी बुडवलेला माणूस रस्त्याच्या पलीकडून गेला तरी तुम्ही ओळखता. साध्या कपड्यांत आलेला एक्साइजचा माणूस तर तुमच्या नोकरालासुद्धा चालीवरून कळतो. मात्र मिसरूड न फुटलेला, पाठीवर क्लासची बॅग असलेला मुलगा जाळीतून नोट आत सरकवतो, तेव्हा हीच नजर खाली वळते. त्याची नोट तुम्ही तपासता, त्याला तपासत नाही.

कायदा तुम्हाला माहीत नाही, असं म्हणण्याची सोय नाही. त्याच कायद्याखाली मिळालेला परवाना तुम्ही काचेच्या चौकटीत लावला आहे. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. बिअर आणि वाइनसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. शिवाय पिणाऱ्याकडेही परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आयुष्यभराचा हजार रुपयांत. रोज संध्याकाळी तुमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी तो कागद कधी हातात धरला आहे, ते तुम्हीच सांगा.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी मुलाला लग्न करता येतं, चोविसाव्या वर्षी माणूस नोकरी करून घर चालवतो, मग त्याला व्हिस्की नाकारणारे आम्ही कोण? या म्हणण्यात तथ्य आहे. पंचविशीची अट घालून सरकारने असा कायदा केला, की जो पाळला जाईल यावर खुद्द अंमलबजावणी करणाऱ्यांचाही विश्वास नसावा. पण त्याचा फायदा तुम्ही कसा घेतलात, ते बघा. चोविशीतल्या इंजिनिअरला वय विचारायला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही विचारणंच सोडलंत. आणि एकदा विचारणं सोडलं, की चोवीस आणि सोळा तुमच्या गल्ल्यावर सारखेच. पंचविशीच्या अवास्तव रेघेआड तुम्ही अठराची रेघ पुसून टाकलीत. मूल आणि मोठा माणूस यांच्यामधली ती एकच रेघ होती, शेठ.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. बारावीच्या निरोप समारंभात आमचा एक मुलगा जिन्यात कोसळला. कोल्ड्रिंकच्या बाटलीत क्वार्टर मिसळून तो सकाळपासून पीत होता. त्याच्या दोन मैत्रिणींनी त्याला कुशीवर वळवून ठेवलं, म्हणून उलटी घशात अडकली नाही. त्या मुलींना ते कुणी शिकवलं होतं, देव जाणे. डॉक्टरांनी सलाइन लावलं. त्याची आई कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आली आणि खाटेच्या कडेला काही न बोलता बसून राहिली. नंतर मी त्याला विचारलं, आणली कुठून? तो म्हणाला, ‘‘कोपऱ्यावरून, सर. तिथे कुणी काही विचारत नाही.’’ तुमची ही कीर्ती आमच्या अकरावीच्या वर्गापर्यंत पोचली आहे. शाळकरी पोरांना महिन्याचा अभ्यासक्रम माहीत नसतो, तुमचं दुकान माहीत असतं.

पुण्याचं प्रकरण तर सगळ्यांनीच वाचलं. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. मोटार 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याआधी बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करायला तो आणि त्याचे मित्र बारमध्ये जमले होते. जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली आणि त्यावर सगळा महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. पण त्या निबंधाच्या गदारोळात एक कागद मागे पडला, तो म्हणजे बिल. पोलीस आयुक्तांनी सांगितलं होतं, की एका ठिकाणी दीड तासात 48 हजार रुपयांचं बिल झालं. एवढं बिल होईपर्यंत कुणीतरी ऑर्डर लिहून घेतली, कुणीतरी ग्लास भरले, कुणीतरी पैसे घेतले. यातल्या एकानेही जन्मतारीख विचारली असती, तर ती रात्र तिथेच थांबू शकली असती. मालक आणि व्यवस्थापकांना अटक झाली, ती दोन जीव गेल्यावर.

बालन्याय कायद्याचं कलम 77 तुम्ही वाचलं आहे का? अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू दिली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘दारू देणारा’ असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही.

आणि कायद्याने काही होत नाही, हे पालुपद आता पुरे. अमेरिकेने 1984 साली वयाची अट 21 करणाऱ्या राज्यांनाच महामार्गांचा पूर्ण निधी द्यायचं ठरवलं. 1988 पर्यंत सगळी राज्यं वळणावर आली. तरुण चालकांचे अपघात त्यामुळे घटल्याचं तिथल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं. नुसता आकडा बदलून हे झालं नाही. तिथे अनेक ठिकाणी पोलीस स्वतःच अल्पवयीन मुलाला दुकानात पाठवतात आणि विकणाऱ्याला पकडतात. आपल्याकडेही लॉजवर छापा घालताना बनावट ग्राहक पाठवतातच की. वाइन शॉपवर का पाठवत नाहीत? राज्याच्या तिजोरीत दारूतून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये येतात. त्या पैशातून प्रत्येक तालुक्याला असा एक बनावट ग्राहक आणि एक निरीक्षक सहज परवडेल. हे मी उत्पादन शुल्क अधीक्षकांना स्वतंत्र पत्राने कळवलं आहे, तुमच्या दुकानाच्या पत्त्यासह.

बारावीचा निकाल लागेल त्या संध्याकाळी आमच्या पालक संघातले काही आईवडील आणि मी तुमच्या समोरच्या फुटपाथवर उभे असू. आरडाओरडा होणार नाही, दगड उचलला जाणार नाही. आधार कार्ड न बघता तुम्ही कुठल्याही पोराला बाटली दिलीत, तर वेळ लिहून घेऊ आणि त्याच रात्री पोलीस ठाण्यात जाऊ.

सोबत कलम 77 ची प्रत जोडली आहे. मोठ्या अक्षरांत छापली आहे. तुमच्या परवान्याच्या चौकटीशेजारी भिंतीवर जागा रिकामी आहे, तिथे लावा.

बारावीच्या वर्गाचा शिक्षक