कानात बिल्ला, कपाळाला हात

इंग्लंडमध्ये हौसेने पाळलेल्या डुकराला रस्त्यावर फिरवून आणायचे असेल, तर सरकारी परवाना लागतो. थट्टा नव्हे, नियमच आहे. फेरफटक्याचा मार्ग आधी कळवायचा, पशुआरोग्य खात्याने तो मंजूर करायचा आणि फिरताना परवान्याची प्रत जवळ बाळगायची. वाटेत गुरांचा बाजार किंवा बर्गर-चिप्सचे दुकान असेल, तर मार्ग नामंजूर होऊ शकतो. डुकराने फुटपाथवरचे उष्टे तोंडात घातले की रोगाला वाट मिळते. मालकाने मनातल्या मनात खात्याचा हवा तेवढा उद्धार करावा, पण नाक्यावर डावीकडे ठरले असेल तर डावीकडेच वळावे.

हसून झाले की कारणाकडे बघावे लागते, आणि कारण अजिबात हसण्यासारखे नाही. 2001 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत उद्भवली. नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुकरांच्या फार्मवर, धड न शिजवलेल्या खरकट्यातून ती शिरली असावी, असे चौकशीत निघाले. रोग उघडकीला येईपर्यंत बाजारात विकल्या गेलेल्या मेंढ्यांनी तो देशभर पोचवला होता. साठ लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. त्याच्या आधीचा तडाखा ‘मॅड काऊ’चा. 1986 मध्ये गायींत ओळखला गेलेला हा रोग बहुधा माणसांपर्यंत पोचला आहे, अशी कबुली सरकारने 20 मार्च 1996 रोजी संसदेत दिली आणि युरोपने ब्रिटिश गोमांसाला दार लावले. त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून तिथल्या नव्या वासरांना पासपोर्ट मिळू लागले.

शेतकऱ्याला हे सगळे माहीत आहे. जनावरांचा माग ठेवूच नका, असे त्यांच्यातला शहाणा माणूस म्हणत नाही. त्याचे डोके फिरते ते तपशिलात.

दुभत्या गायीचे वासरू जन्मले की एका कानात बिल्ला 36 तासांच्या आत, दुसऱ्या कानात 20 दिवसांच्या आत. मांसासाठी पाळलेल्या गुरांना दोन्ही बिल्ल्यांसाठी 20 दिवस. कागदावर सोपे दिसते, कारण कागदावर वासराची आई नसते. कुरणात ती असते, सहा-सातशे किलोची, नुकतीच व्यालेली आणि कायदा न वाचलेली. शेतकरी वासराला गुडघ्यांत आवळतो, एका हाताने कान ताणतो, दुसऱ्या हातातली पक्कड कानाच्या दोन कुर्चांच्या मधल्या पातळ जागी आणतो. रक्तवाहिनी टाळायची असते. पक्कड दाबायच्या नेमक्या क्षणी मागून फुत्कार ऐकू येतो आणि बिल्ला कानाऐवजी चिखलात जातो. दोन वासरांचे बिल्ले एकाच खिशात घेतले असतील तर आणखी गंमत: संध्याकाळी हिशेब लावताना कळते की एका वासराच्या डाव्या कानात ते स्वतः आहे आणि उजव्या कानात शेजारचे.

मग पासपोर्ट. जन्मापासून 27 दिवसांच्या आत अर्ज पोचायला हवा. अठ्ठाविसाव्या दिवशी जागे झाले तर वासराला पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही तर ते माणसाच्या खाण्यात येऊ शकत नाही. वासरू धडधाकट असते, हंबरते, दामदुप्पट चारा खाते, पण बाजारात त्याची किंमत शून्य. मालकाच्या एका दिवसाच्या आळसाने त्याला आयुष्यभराचे अभयदान मिळालेले असते. बैलांना बोलता आले असते, तर टपालाला उशीर होवो म्हणून त्यांनी नवस बोलले असते. मेल्यावरही सुटका नाही ती मालकाची: जनावर दगावले की सात दिवसांच्या आत त्याचा पासपोर्ट सरकारजमा करायचा, आणि ते आपल्याच शेतात पुरायला 2003 पासून मनाई आहे.

मेंढ्यांची कथा वेगळी, कारण मेंढीला हरवण्याची मुळातच आवड. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हर्डविक जातीच्या मेंढ्या कुंपण नसलेल्या डोंगरांवर चरतात. तिथल्या मेंढपाळांनी ओळखीचा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. कोणाच्या मेंढीच्या कानाला कुठे खाच, कोणाच्या लोकरीवर कुठल्या रंगाचा पट्टा, हे चित्रांसह सांगणारे ‘शेफर्ड्स गाइड’ 1817 मध्येच छापले गेले. भरकटलेली मेंढी सापडली की पुस्तक काढायचे, खूण बघायची, धन्याकडे पोचवायची. वीज नाही, पासवर्ड नाही.

2010 पासून तिथे पैदाशीसाठी ठेवलेल्या मेंढीच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला आला. यंत्र जवळ नेले की नंबर वाचतो, म्हणजे बिल्ला जागेवर असेल तर. मेंढी तारेच्या जाळीतून डोके घालते, काटेरी झुडपात कान खाजवते, आणि बिल्ला तिथेच लटकत राहतो. हरवल्याचे लक्षात आल्यापासून 28 दिवसांत नवा लावायचा. आता लक्षात कधी आले, हे मेंढपाळ आणि त्याचा देव जाणे; तपासनीसाला मात्र तारीख हवी असते. शिवाय 1 डिसेंबरला आपल्याकडे किती मेंढ्या होत्या याचा वार्षिक आकडा कळवायचा. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरावर धुके असते, पाऊस असतो आणि मेंढी असलीच तर ती दगडामागे असते. ही तारीख ज्याने निवडली त्याने मेंढी ताटातच पाहिली असावी.

महाराष्ट्रातल्या पशुपालकाने यावर फार हसू नये. 1 जून 2024 पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर बंदी आली, सरकारी दवाखान्यातल्या उपचारालाही बिल्ल्याची अट लागली. बारा अंकी नंबर, पिवळा बिल्ला, ‘भारत पशुधन’वर नोंद. आधार कार्डाला सरावलेल्या देशात म्हशीला बारा अंक मिळाले याचे कोणाला नवल वाटले नाही. म्हशीला तर नाहीच.

ब्रिटनमध्ये शेतकऱ्याचा खरा राग मात्र सरकारपेक्षा ‘रेड ट्रॅक्टर’वर आहे. पाकिटावर लाल ट्रॅक्टरचे चित्र म्हणजे माल खात्रीचा. 2000 साली ही योजना सुरू झाली ती शेतकऱ्यांच्याच राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने. तपासणी करून घेण्याची वर्गणी शेतकरी स्वतः भरतो. आपल्या खर्चाने तपासनीस बोलवायचा, त्याला चहा पाजायचा आणि त्याने काढलेल्या चुका सही करून घ्यायच्या, असा हा मामला.

तपासनीस येतो ती सकाळ बघण्यासारखी असते. गोठा आदल्या दिवशी धुतलेला असतो, पण साहेब गोठ्याकडे वळायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसतात. फायली निघतात. कुठल्या जनावराला कुठले औषध, किती, कुठल्या बॅचचे, त्यानंतर किती दिवस दूध-मांस विकायचे नाही, या नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात. इथपर्यंत कोणीही मान डोलावेल. पुढे उंदीर येतात. विषाचे डबे कुठे कुठे ठेवले त्याचा नकाशा हवा, आणि विष घालण्याआधी पर्यावरणाला काय धोका संभवतो याचा लेखी विचार केलेला हवा. उंदराने नकाशा पाहिलेला नसतो, त्यामुळे तो भलतीकडेच मरतो. मग आग लागली, पूर आला तर काय करणार याची लेखी योजना. धान्याच्या कोठारातला दिवा फुटला तर काच धान्यात पडणार नाही अशी तजवीज. आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ती कशी हाताळणार याची लेखी पद्धत. ज्याचे दूध रोज टँकर उचलून नेतो आणि ज्याने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाचे तोंड पाहिलेले नाही, त्यानेही ती फाइल नेटकी ठेवलेली असते. त्याच्या स्वतःच्या तक्रारींना फाइल नाही.

योजना ऐच्छिक आहे, असे सांगतात. तिच्यातून बाहेर पडले की मोठे खरेदीदार माल घेत नाहीत, घेतला तर भाव पाडून. इतपत ऐच्छिक. पण सगळ्यात झोंबते ते धान्याचे. देशी गहू गिरणीत न्यायचा तर ट्रकसोबत प्रमाणपत्राचा स्टिकर लागतो. बोटीतून आलेल्या परदेशी गव्हाला मात्र हा स्टिकर लागत नाही. त्याची बंदरावर वेगळ्या पद्धतीने तपासणी होते आणि तो त्याच गिरणीत, त्याच पिठात मिसळतो. परदेशी शेतकऱ्याच्या कोठारातल्या दिव्याला काचेचे संरक्षण होते का, हे कोणी विचारत नाही. हा आक्षेप विनोदी नाही, आणि त्याचे सरळ उत्तर वर्षानुवर्षे कोणी देत नाही म्हणून तो वाढत गेला.

ऑक्टोबर 2023 मध्ये रेड ट्रॅक्टरने पर्यावरणाच्या अटींचा नवा जोड-भाग जाहीर केला तेव्हा ठिणगी पडली. आम्हाला विचारले कोणी, असा कल्ला झाला आणि तो भाग पुढच्या वर्षी गुंडाळावा लागला. मग परंपरेप्रमाणे एक समिती बसली. जानेवारी 2025 मध्ये तिचा अहवाल आला, नऊ शिफारशींचा. त्यातली एक म्हणजे शेतावरच्या तपासण्या कमी आणि सोप्या करा, एकच गोष्ट दोनदा तपासू नका. हे सांगायला अहवालभर पाने लागली, याबद्दल कोणी तक्रार नोंदवलेली नाही.

सरकारचे लक्ष आता गायींच्या कानातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याकडे आहे. इंग्लंडमध्ये 2027 पासून जन्मणाऱ्या वासरांना तो सक्तीचा होणार आहे. वाचन यंत्र करील, चुका टळतील, कागद कमी होतील असे सांगितले जाते. पंधरा वर्षे हेच यंत्र हातात घेऊन कुंपणाकाठी बिल्ले शोधत फिरलेले मेंढीवाले शेजारच्या गायवाल्यांना सध्या एवढाच सल्ला देतात: बिल्ले थोडे जास्तच मागवून ठेवा.