एक खून माफ

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ‘कट्यार काळजात घुसली’ दाखवला. भाड्याचा प्रोजेक्टर, बांबूला ताणलेली चादर आणि माणशी दोन बटाटेवडे. सूचनेच्या शेवटी सेक्रेटरींनी लाल शाईत लिहिलं होतं: ‘एकमेकांच्या आवडीनिवडींचा आदर राखावा.’ गणपतीत डीजे की भजनी मंडळ, या प्रश्नावर दोन कुंड्या आणि एक प्लास्टिकची खुर्ची धारातीर्थी पडल्यापासून ही ओळ पाणीकपातीच्या नोटिशीवरसुद्धा असते.

सिनेमा आला 2015च्या दिवाळीत, म्हणजे आता तोच आठवणीत जमा झालाय. त्यात आठवण पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967च्या नाटकाची, आणि नाटकात आठवण संस्थानी जमान्याची. चिरोट्यासारखं प्रकरण आहे. एक पदर सोडवावा तर आत दुसरा, आणि बोटं चिकट.

गोष्ट ठाऊक असेलच. दरबारात पंडित भानुशंकरांपुढे वर्षानुवर्षं हरणारे खाँसाहेब एकदा जिंकतात. जिंकतात म्हणजे काय, तर पंडितजींना कुणीतरी शेंदूर खाऊ घालतं आणि त्यांचा आवाजच जातो. राजगायकाला कट्यार मिळते, आणि त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ. पंडितजींचा शिष्य सदाशिव बदला घ्यायला येतो आणि ज्याला मारायचं त्याच्याच गाण्याच्या प्रेमात पडतो. खाँसाहेब शिकवणार नाहीत. मग हा चोरून ऐकतो.

पहिल्याच तानेला अख्खी गच्ची हळहळली. “घराण्याचा काय हा आंधळा अभिमान!” ए विंगमधल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी उपरण्यानं डोळे टिपले. “दुसऱ्याचं गाणं वेगळं म्हणून काय ते वाईट?” शेजारच्या वहिनींनी मान डोलावली. एवढा सहिष्णू जमाव मी वडे संपेपर्यंत पाहिला.

मग दिवे लागले. “चांगला आहे,” मॅनेजर म्हणाले, “पण आम्ही वसंतरावांना पाहिलंय.” या वाक्याला महाराष्ट्रात उत्तर नाही. बी विंगनं तरी प्रयत्न केला: सिनेमामुळे आमच्या मुलांना हे गाणं कळलं, शंकर महादेवन पंडितजी झाले, सचिन पिळगावकरांनी खाँसाहेब काय उभा केला! यावर ए विंगमधून नुसता “हं” आला. तो हं मंद्र सप्तकातला होता, आणि शेंदूर बरा असं वाटायला लावणारा. कव्वाली हवी की नको यावर सी विंग फुटली. अकरा वाजता ‘तुमच्यासारख्यांमुळेच संगीत नाटक मेलं’ इथवर आलो. साडेअकराला पार्किंगचा विषय निघाला. आमच्याकडे प्रत्येकाच्या कमरेला एकेक कट्यार आहे, आणि खून एकच माफ हा नियम मात्र कुणी वाचलेला नाही.

मी ए विंगच्या बाजूनं तावातावानं बोललो, हे कबूल करतो. मीही वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब पाहिलाय. तेव्हा मी चार वर्षांचा होतो, वडिलांच्या मांडीवर होतो आणि नांदी संपायच्या आत झोपलो होतो. तिसऱ्या अंकात जागा झालो तो लघवीसाठी. त्या भांडवलावर मी गेली पन्नास वर्षं नव्या गायकांना नाकं मुरडतोय. वसंतरावांना पाहिल्याचं सांगणारे सगळे खरं बोलत असतील, तर त्या प्रयोगांना प्रेक्षक शिवाजी मंदिराच्या छतालाही लटकलेले असणार.

गंमत पुढेच आहे. घराण्याच्या हट्टाचं हे नाटक ज्यांनी गाजवलं, त्यांना घराण्याचं कुंपण कधी मानवलंच नाही. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडून मारवा घेऊन आले, दीनानाथांची गायकी कानात साठवली आणि पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात आकडे जुळवत बसले. संगीतकार जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. जगन्नाथबुवा पुरोहितांकडे त्यांनी आग्र्याची तालीम घेतली आणि गुलुभाई जसदनवालांकडे जयपूरची. सिनेमात खाँसाहेबांसाठी गायले ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, आणि सदाशिवसाठी गायले अभिषेकींचे शिष्य महेश काळे, ज्यांना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पडद्यावर दोन घराण्यांची मारामारी, आणि माइकमागे एकाच नाटकाचे दोन वारसदार! हे मी गच्चीवर सांगितलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण मी तेव्हा पार्किंगवर बोलत होतो.

घरी आलो तर मुलीच्या खोलीतून कोरियन गाणं येत होतं. सात मुलं, सातांचे केस सात रंगांचे, आणि शब्द एकही कळत नाही. आमच्या घरात या गायकीला बंदी आहे. बंदी मीच घातलीय. हवेली माझी, हप्ते माझे. मी रोज दारावर थाप मारतो आणि “हे काय गाणं आहे?” असं विचारतो. हा प्रश्न नसतो, हे तिला माहीत आहे. खाँसाहेब तरी निदान गात होते. मी नुसताच नाकारतो.

त्या रात्री थाप मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. ठेका बरा होता. मध्येच सगळी वाद्यं थांबली आणि एकच आवाज वर गेला. कुठे गेला हे कळलं नाही, पण परत येताना समेवर आला. दाद मनातल्या मनात दिली. ए विंगच्या लोकांना ऐकू गेली असती. मी दाराला कान लावून, पायांतल्या चपला हातात घेऊन उभा राहिलो.

दार उघडलं.

“बाबा? चोरून ऐकताय?”

“छे, छे,” मी म्हणालो. “नळ गळतोय का बघत होतो.”

“नळ स्वयंपाकघरात आहे.”

“हो ना,” मी म्हणालो. “आणि तो मधला, निळ्या केसांचा, त्याचं नाव काय म्हणालीस?”