कॅलरीबाईंना हिमायतनगरहून खुले पत्र

श्रीमती कॅलरीबाई यांना,


आपला मुक्काम हल्ली हिमायतनगरकरांच्या मोबाइलमध्येही असतो, असे कळले. स्वागत आहे. मात्र आपले अ‍ॅप उघडल्या उघडल्या विचारते, ‘मध्यम आकाराच्या पोळ्या किती?’ आणि गाडी तिथेच अडते. इथली ज्वारीची भाकरी मध्यम नसते. परातीत थापता थापता ती काठाला टेकते, आणि पीठ किती घेतले हे थापणारीलाही सांगता येत नाही. 75 ग्रॅम पीठ धरले तर आपण अडीचशेच्या आसपास भरता. 100 ग्रॅम धरले तर साडेतीनशेच्या जवळ जाता. एका भाकरीच्या हिशेबात साखर-दुधाचा एक कप चहा सहज लपतो.

आपले घराणे मोठे, यात वाद नाही. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद खोलीत माणूस बसवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम पिष्टाला 4, प्रथिनाला 4 आणि स्निग्धाला 9, हा आजही चालणारा हिशेब त्यांचाच. पुढे 1918 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी पुस्तक लिहून आपल्याला घराघरांत नेले. भारतातला आपला पत्ता हैदराबादचा, राष्ट्रीय पोषण संस्थेचा. हिमायतनगरही 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच होते, म्हणजे तशी आपली सोयरीक जुनीच!

तरीही इथे आपले चालत नाही. कारण आपण एकट्या माणसाचे ताट मोजता आणि इथे ताट दुसराच भरतो. सप्ताहाच्या काल्याची पंगत पाहा. वाढपी बुंदीची बादली घेऊन येतो, जेवणारा दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरतो, ‘बस, बस’ म्हणतो. वाढपी बोटांच्या फटीतून मूठभर बुंदी सोडतो आणि पुढे सरकतो. या मुठीची नोंद कोणी कुठे करायची? वाढलेले पानात टाकून उठणे तर वाईटच.

उपवासाचे तर विचारूच नका. महाशिवरात्रीला परमेश्वर मंदिराची यात्रा, त्या दिवशी घरोघरी साबुदाणा. बशीभर खिचडीत 75 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप धरले, तरी आपण पाचशेच्या पुढे जाता. रोजची भाकरी आणि वाटीभर वरण त्याहून हलके पडते. पुण्य वेगळे मोजले जाते, ही जमेची बाजू.

सरकारही आपल्याला पुरते विसरलेले नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूकार्डावर कॅलरी छापाव्यात, असा नियम आहे. बसस्थानकासमोरच्या भजीच्या गाड्याची शाखा एकच, त्यामुळे तो सुटला. रेशनवर मात्र माणशी महिना 5 किलो धान्य तोलून मिळते. भागाकार केला तर दिवसाला पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी. ज्यांच्या घरात यावर फारशी भर पडत नाही, त्यांना ‘कमी खा’ सांगायला कृपया जाऊ नये.

आपला खरा पाणउतारा केला तो मराठी माणसानेच. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून, सांगितले: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात, थोड्या थोड्या वेळाने खा. 2018 च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ यावर घरोघरी दोन तट पडले. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत: आपल्याला मोजत बसायचे नाही.

पण आपण लगेच रडू नका. चीनमधल्या ग्वांगझूत 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला, तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलरी दोन्ही गटांना कमीच दिल्या. एका गटाला वर खाण्याच्या वेळेचेही बंधन घातले. त्या गटाचे वजन सरासरी 8 किलोने घटले, दुसऱ्याचे 6.3 किलोने, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे वेळापत्रक कुणाचेही असो, हिशेब शेवटी आपल्याच वहीत होतो. दोनदा जेवणाऱ्याने दोन्ही वेळा पंगत धरली, तर दीक्षितही काय करणार?

म्हणून एक तडजोड सुचवतो. भाकरी मोजणे आपण सोडून द्यावे. ज्वारीने इथे कोणाचे पोट सुटलेले नाही. ग्रॅमला 9 वाले खाते तेवढे धरावे. पूर्वी ज्वारीत करडईचे पाट असत आणि तेल घाण्यावरून मोजून येई. आता शिवारात सोयाबीन आणि स्वयंपाकघरात तेलाची पिशवी, तीही कात्रीने कोपरा कापून थेट कढईत. पोषण संस्थेच्या 2024 च्या नमुना ताटात माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. तेव्हा हिमायतनगरकरांनो, पिशवी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात एक लिटरची पिशवी आठ दिवसांच्या आत संपली, तर दोष भाकरीला देऊ नका.

कळावे, लोभ बेताचाच असावा.

आपला,
पंगतीतला एक वाढपी
हिमायतनगर, जि. नांदेड