फाशीची थकबाकी

एकरकमी परतफेडीच्या योजना आपल्याला तोंडपाठ आहेत. दंडव्याज माफ, व्याजात सूट आणि मार्चअखेर आली की वसुलीचे साहेब स्वतः दारात. पण अशी योजना फाशीलाही लागू असते, हे व्हिएतनाममुळे कळलं.

हो ची मिन्ह सिटीतल्या न्यायालयाने 11 एप्रिल 2024 रोजी व्हॅन थिन्ह फाट या बांधकाम समूहाच्या अध्यक्षा ट्रुओंग मी लान यांना मृत्युदंड ठोठावला. गुन्हा काय, तर सायगॉन कमर्शियल बँकेतून सुमारे साडेबारा अब्ज डॉलरचा अपहार. आपल्या हिशेबाने लाखभर कोटी रुपये. डिसेंबरमध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मात्र तिथल्या कायद्यात एक खिडकी होती. तीन चतुर्थांश रक्कम परत करा, तपासाला सहकार्य करा, फाशीची जन्मठेप होईल. म्हणजे नऊ अब्जांहून अधिक डॉलर भरा आणि जीव सोडवून न्या. मग काय, मालमत्ता विकायला निघाल्या, मित्रांकडे उसनवारीची बोलणी सुरू झाली. अख्खी बँक रिकामी केलेल्या बाईंवर कर्ज मागत फिरायची पाळी आली!

लानबाईंची सुरुवात बेन थान्ह बाजारात, आईबरोबर सौंदर्यप्रसाधनं विकण्यापासून झाली. वरून रंग लावला की आतलं काही दिसत नाही, हे ज्ञान तिथलंच असावं. कायद्याने एका व्यक्तीला बँकेचे पाच टक्क्यांहून जास्त शेअर घेता येत नव्हते. बाई कायदा पाळणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या नावावर थोडेच ठेवले, बाकीचे दुसऱ्यांच्या नावांवर. बेरीज नव्वद टक्क्यांच्या वर गेली, पण बेरीज करणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पुढे बँकेने दिलेल्या एकूण कर्जांपैकी 93 टक्के कर्जं त्यांच्याच गोतावळ्यात गेली. कर्ज मागणारे आपले, मंजूर करणारे आपले, सही करणारेही आपलेच. अशा बँकेत फाईल अडत नाही.

2019च्या सप्टेंबरात आपल्याकडे पीएमसी बँकेचे खातेदार शटरसमोर उभे होते. सहा महिन्यांत 1,000 रुपये काढायची मुभा होती. त्याच वर्षी तिकडे लानबाईंचा ड्रायव्हर बँकेतून रोकड काढून बाईंच्या तळघरात पोचवत होता. तीन वर्षांत त्याने वाहिलेला आकडा 108 लाख कोटी डाँग. जपमाळेच्या मण्यांएवढा, म्हणजे शकुनाचाच. सगळ्या नोटा पाच लाख डाँगच्या धरल्या तरी 21 कोटी 60 लाख नोटा होतात. आपल्याकडे जरा मोठी रक्कम काढायला गेलं तर काउंटरवरचा माणूस पॅनकार्ड मागतो.

तपासणी होत नव्हती असं नाही. झाली, अगदी कसून झाली. मध्यवर्ती बँकेच्या तपासणी पथकाच्या प्रमुख बाईंपर्यंत 52 लाख डॉलर पोचले, थर्माकोलच्या खोक्यांतून. खोक्यांशिवाय तिकडचंही पान हलत नाही म्हणायचं! सरकारी पक्षाने सांगितलं ते असं : आत पैसे आहेत हे कळल्यावर त्यांनी नको म्हटलं, पण आणणाऱ्याने खोके परत न्यायला नकार दिला. एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही, हा व्यापाराचा नियम त्याने मोडला नाही. त्या प्रमुख बाईंना जन्मठेप झाली.

ऑक्टोबर 2022 मध्ये लानबाईंना अटक झाली आणि बँकेसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ज्यांनी बाईंच्या कंपन्यांचे रोखे घेतले होते, त्या 35 हजारांहून अधिक गुंतवणूकदारांचा खटला वेगळा चालला. त्यात बाईंना जन्मठेप झाली. मग जून 2025 मध्ये तिथल्या संसदेने आठ गुन्ह्यांची फाशी रद्द केली. त्यांत अपहारही होता. वसुली राहिली बाजूला, तारण आधी सुटलं. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. फासावर चढवून कुणाची ठेव परत मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आम्हाला चिंता आहे ती वेगळीच. 93 टक्के कर्ज बाईंच्या माणसांना गेलं, तर उरलेलं सात टक्के कुणाला मिळालं? तो असेल एखादा किराणा दुकानदार, नाहीतर स्कूटर घेणारा मास्तर. त्याच्याकडून नक्की दोन जामीनदार, तीन वर्षांची विवरणपत्रं आणि विजेचं बिल घेतलं असणार. आणि एखादा हप्ता चार दिवस उशिरा गेला, तर दंडव्याजाची नोटीसही वेळेवर पोचली असणार.