टोन बसला की सुरू

मोर्शीतल्या इलेक्ट्रिक गिटारवाल्याला लोक पाठीवरून ओळखतात. चेहरा फारसा कुणी पाहिलेला नाही. तो कायम ॲम्पपुढे वाकलेला असतो.

डिस्टॉर्शनचा त्याला मनापासून तिटकारा. ‘त्याच्यात चूकबी खपते राजेहो. क्लीनमध्ये मानूस उघडा पडते!’ हे खरंच आहे. क्लीन टोनमध्ये बोट तारेवरून घसरलेलंसुद्धा मागच्या रांगेला कळतं. मग तो गिटारवादक मार्क नॉफ्लरवर येतो. १९७८च्या ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ गाण्यातला तो काचेसारखा आवाज दोन पिकअपच्या मधल्या जागेचा. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला पिकअप निवडायच्या स्विचच्या खाचा तीनच होत्या. वाजवणारे स्विच दोन खाचांच्या मध्येच अडकवून ठेवत, म्हणून कंपनीनं १९७७मध्ये पाच खाचा दिल्या. हा इतिहास चहाच्या टपरीवाल्याला तोंडपाठ झाला आहे. इलाजच नाही, उधारी त्याच्याकडेच असते.

गेन कमी, बेस त्याहून कमी, कारण टिनाच्या शेडमध्ये बेस घुमतो. ट्रेबल दात शिवशिवेपर्यंत वाढवायचा, मग केसभर मागे. गिटारचा व्हॉल्यूम सातवर. इतकं झालं की दोष तारांचा निघतो. आंबिया बहारात बदललेल्या तारा मृगापर्यंत ‘मेल्या’ असतात.

सिंगल कॉइल पिकअप विजेची गुणगुण ओढून घेतं, म्हणून घरातली ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, तेही मे महिन्यात. आजी सुपानं वारा घेत बसते. गिटारचं तोंड फिरवलं की गुणगुण कमीजास्त होते. त्याची सध्याची दिशा आग्नेय. पाहुण्यांना वाटतं, पोरगं संध्येला बसलं.

खरा वैरी मात्र थ्री-फेज. शेताची लाइन आली की बगिच्यातल्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि ‘टोन हालला!’ अशी आरोळी येते. लाइनचं वेळापत्रक त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. संत्रावाले ओलिताआधी त्यालाच फोन करतात.

त्याची रिफ चार सुरांची. गावानं त्यातले दोन ऐकलेत. तिसऱ्याच्या आधी हात नॉबकडे जातो. मला वाटतं, तिसरा सूर जरा अवघड असावा.

यंदा गणपतीत मंडळानं बोलावलं. संध्याकाळपासून ‘हॅलो, चेक’ चाललं होतं. ड्रमवाला दोनदा चहा पिऊन आला, पुढची पोरं सतरंजीवर झोपली. दहाला पाच कमी असताना त्यानं मान वर केली. ‘बसला!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गेटवर पोलीस दिसले, अध्यक्षांनी माईक घेऊन आभार मानले आणि स्पीकर बंद झाले.

त्याच्या चेहऱ्यावर अपार समाधान होतं. ‘आता नॉबले कोनी हात नोका लावजा,’ म्हणत त्यानं ॲम्प उचलला आणि घरी नेला.